सात नंबरच्या खोलीतली घट

१

माणसं नसलेल्या इमारतीत काम करायला मला मनापासून आवडतं. माणसं असली की चौकशा असतात. “बाई, तुम्ही एकट्याच आलात? शिडीवर तुम्हीच चढणार?” नाही हो, शिडी माझ्यावर चढणार आहे! वीस वर्षं मी लोकांच्या छतांना वायफायच्या पांढऱ्या डब्या लावते आहे. कागदोपत्री त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात, मी आपली डबीच म्हणते. डबी छताला लावायची, लॅपटॉपवर तिच्या सेटिंगचं पान उघडायचं, नेटवर्कला नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, चॅनेल ठरवायचा आणि मग खोलीखोलीत जाऊन सिग्नल किती पोचतो ते मोजायचं. हे शेवटचं काम बरेच जण करतच नाहीत. मी करते, म्हणून मला कामं मिळतात आणि म्हणूनच बरोबर काम करणाऱ्यांशी माझं फारसं पटत नाही.

या वेळचं काम वृद्धनिवासाच्या नव्या इमारतीत होतं. एकच मजला, लांबलचक पॅसेज, दहा खोल्या, पाच डब्या. शनिवारी माणसं राहायला येणार होती. त्यातले एक माझे बाबा. त्यांची खोली सात नंबरची.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. गेल्या वर्षात दोनदा बाथरूममध्ये पडले आणि दोन्ही वेळा मी कुणाच्या तरी छताखाली शिडीवर होते. दुसऱ्या वेळी चार तास फरशीवर पडून होते. मी दार उघडलं तेव्हा म्हणाले, “आलीस का? जरा उठव गं.” ओरडले नाहीत, रागावले नाहीत. ते चार तास माझ्या छातीवर बसलेत ते बसलेतच.

दादा दुसऱ्या देशात असतो आणि दर रविवारी टॅबलेटवरून काळजी करतो. “अगं, तिथे चोवीस तास कुणीतरी असतं त्यांच्याजवळ. तू किती पुरी पडणार?” बोलायला काय जातंय त्याचं! पण खोटं बोलत नव्हता. मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “मला टाकायला निघालीस होय?” आणि मग तीन दिवस अबोला. घरात आम्ही दोघंच. दोघांतल्या एकानं तोंड मिटलं की फ्रिजचा आवाजसुद्धा कानात बसतो.

२

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी सेटिंग करायला बसले. पॅसेजमध्ये खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. नेटवर्कची दोन नावं केली, एक नोकरवर्गासाठी आणि एक राहणाऱ्यांसाठी. राहणाऱ्यांचा पासवर्ड सोपा ठेवला, थरथरत्या बोटांना जमेल असा. पाचही डब्यांना नाव आणि पासवर्ड एकच दिला. हे मुद्दाम करतात. नाव एकच असलं की हातातला फोन चालता चालता एक डबी सोडून दुसरी धरतो. आपण कधी एकीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत गेलो, कळतही नाही.

मग मोजायला घेतलं. आता हे आकडे उण्यात असतात. पन्नासच्या आसपास असला तर उत्तम, सत्तरच्या पुढे गेला तर रडगाणं. आकडा वाढला की सिग्नल लंगडा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माझी पद्धत अशी की प्रत्येक खोलीत पलंगाच्या बाजूला स्टूल, स्टुलावर टॅबलेट ठेवायचा आणि आपण बाहेर येऊन लॅपटॉपवर आकडा बघायचा. आपण खोलीत थांबायचं नाही. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी, ते सिग्नल पितं. एक माणूस आड आलं की चार-पाच अंकांची घट. नवशिके लॅपटॉप पोटाशी धरून डबीकडे पाठ करतात, स्वतःच आड येतात आणि भिंतीच्या नावानं बोटं मोडतात.

पहिली खोली एक्कावन्न. दुसरी बावन्न. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या एक्कावन्न-बावन्न. माझ्या कामावर मीच खूश.

सातवी छप्पन्न.

मी उठून आत डोकावले. स्टूल जागेवर, टॅबलेट जागेवर. नवा पलंग, नवी गादी, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. खिडकी बंद. बाहेर येऊन बघितलं तर आकडा बावन्न. म्हटलं, झालं ठीक. मी पुढच्या खोलीकडे निघाले तेवढ्यात आत प्लास्टिक चुरचुरलं आणि लॅपटॉपवर पुन्हा छप्पन्न.

उन्हानं प्लास्टिक तापतं, आवाज करतं. त्यात काय एवढं? असं मी मोठ्यानं म्हटलं आणि पॅसेजमध्ये माझाच आवाज दहा खोल्यांतून फिरून आला.

३

मी हट्टी आहे. घट कशाची आहे ते कळल्याशिवाय मी डबा उघडून जेवत नाही. कपाट बाहेर ओढलं. आरसा काढून भिंतीला उलटा टेकवला. भिंतीत पाण्याचा नळ जातो का ते बांधकामाच्या नकाशात पाहिलं. नव्हता जात. मग स्टूल वीत वीत सरकवत मोजलं. दुपारपर्यंत नकाशावर पेन्सिलीनं ती जागा उमटली. पलंगाच्या खिडकीकडच्या कडेवर, हातभर रुंद. तिच्या डावीकडे बावन्न, उजवीकडे बावन्न, बरोबर तिच्या आड छप्पन्न.

कुणी पलंगाच्या कडेवर बसलं की जेवढी जागा लागेल तेवढी.

मी घाबरले, हे कबूल करते. लगेच स्वतःलाच झापलं. पन्नाशी उलटली, वीस वर्षं या धंद्यात घालवली आणि आता भुतं मोजणार? मी तरातरा आत गेले आणि नेमकी त्याच कडेवर बसायला वाकले. पण बसले नाही. भरलेल्या बाकावर आपण दोघांच्या मध्ये टेकत नाही ना, तसे पायच थांबले.

तेवढ्यात मेट्रनबाई आल्या. हा वृद्धनिवास त्याच चालवतात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि हसताना डोळे मिटणार.

“काय हो, सातव्या खोलीतच मुक्काम? वडिलांची म्हणून जास्त माया वाटतं!”

“या खोलीत आधी कुणी राहिलंय का?”

“कोण राहणार? परवाच तर रंग वाळला.”

“दुसरी एखादी खोली मिळेल का बाबांना?”

त्यांचे डोळे उघडले. “दहाच्या दहा भरल्यात. ही सोडली तर पुढच्या वर्षीच. का, काय झालं?”

“सिग्नल कमी आहे.”

“अहो, त्यांना सिग्नल हवाय की माणूस?” त्या हसत हसत गेल्या.

मग मी अशी गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची सालटी काढली असती. डबीची ताकद वाढवली. सेटिंगच्या पानावर ‘मध्यम’ होतं ते ‘कमाल’ केलं. ताकद वाढवून प्रश्न सुटत नाहीत, डबी नुसती जोरात ओरडायला लागते. आकडा सत्तेचाळीसवर आला. मी श्वास सोडला. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तो एकेक करत वाढत गेला. अठ्ठेचाळीस. पन्नास. चोपन्न. अठ्ठावन्न. काहीतरी दाराच्या दिशेनं, डबीच्या दिशेनं सरकत होतं. आवाज ऐकून कोण बोलावतंय ते बघायला यावं तसं.

मी लॅपटॉप मिटला आणि घरी गेले.

४

घरी बाबा दिवाणखान्यात बसले होते, टीव्ही बंद, हात मांडीवर. अबोल्याचा तिसरा दिवस. मला एकदम भडभडून आलं. म्हटलं, काहीतरी निमित्त काढून बोलू. त्यांचा टॅबलेट घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

“बाबा, तिकडे वायफायचं नाव वेगळं असणार. तिथे गेल्यावर तुमचा गोंधळ नको, म्हणून मी काय करते, तेच नाव, तोच पासवर्ड आपल्या घरीच लावते. टॅबलेट इथेच ओळख करून घेईल. शनिवारी तिथे गेलात की आपोआप जोडला जाईल. तुम्ही फक्त दादाला फोन लावायचा.”

टॅबलेट त्यांनी हातात घेतला. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

माझ्याजवळ एक जास्तीची डबी होती. वृद्धनिवासातल्या डब्यांची सगळी सेटिंग्ज मी जशीच्या तशी तिच्यात उतरवली, नाव, पासवर्ड, सगळं. बाबांच्या खोलीच्या दाराबाहेर ती ठेवली. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. नवीन जागेची सेटिंग्ज आधी घरच्या डबीवर चालवून बघतात. फक्त मी त्या दिवशी एक विसरले. नाव तेच, पासवर्ड तोच म्हणजे ते वेगळं घर नाहीच. नेटवर्कच्या लेखी आमचं घर त्याच पॅसेजमधली अकरावी खोली होतं.

५

गुरुवारी सकाळी सातव्या खोलीत पुन्हा मोजलं. ताकद ‘मध्यम’ केली. बावन्न. एक तास बसून बघितलं, बावन्नच. पलंगाच्या कडेला स्टूल लावलं, मागे लावलं, पुढे लावलं. बावन्न, बावन्न, बावन्न. मी त्या कडेवर जाऊन खुशाल बसलेसुद्धा, प्लास्टिक चुरचुरलं आणि मला हसू आलं. बिचारी मेट्रन! मी उगाच तिच्या खोलीला नावं ठेवत होते. रंग ओला असेल, ओला रंगही सिग्नल पितो. कालची उरलेली ओल आज वाळली. मी इतकी खूश झाले की दुपारी जेवायला घरीच जायचं ठरवलं.

कुलूप उघडलं तर आतून हसण्याचा आवाज.

बाबांचं हसणं मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. आई गेल्यापासून नाही. म्हणजे ते हसायचे, पण माणसं दाखवायला हसतात तसं. हे तसलं नव्हतं. हे पोटातून, मध्येच खोकला येईपर्यंत. मला वाटलं, दादाचा फोन असेल. पण दादाकडे तेव्हा पहाट होती आणि दादा कुणाला असं हसवेल हे काही संभवत नाही.

मी बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. “छे छे, तसं नव्हतं ते,” बाबा म्हणत होते, “तुम्ही आधी ऐकून तर घ्या.” मग शांतता. त्या शांततेत बोलणारं कुणी नव्हतं, पण बाबा ऐकत होते. मध्ये मध्ये “हं” म्हणत होते.

माझ्या हातात लॅपटॉप होता. सवय वाईट. मी तिथेच, जमिनीवर बसून आकडा बघितला. डबीपासून बाबांच्या टॅबलेटपर्यंत चार पावलं, मध्ये नुसतं लोटलेलं दार. पंचेचाळीसच्या वर जायचं काही कारण नाही.

एकसष्ट.

आईचं नाव मनात आलं, हे सांगायला नकोच. पण आई काटकुळी होती आणि एका जागी पाच मिनिटं बसायची नाही. सोळा अंकांची घट एका माणसाची नसते. तीन-चार माणसं एकमेकांना खेटून बसली तर एवढी होते. बाबांच्या खोलीत एक पलंग आणि एक खुर्ची आहे.

मी दार ढकललं. बाबा पलंगावर होते, भिंतीला अगदी चिकटून, अंग आखडून. उरलेला पलंग मोकळा. लॅपटॉपवर पंचेचाळीस.

६

“कुणाशी बोलत होतात?”

“बसलो होतो आम्ही.” एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले आणि अगदी गोडीनं बोलले. “तू जेवलीस का?”

“आम्ही म्हणजे कोण, बाबा?”

त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. “तू दिवसभर नसतेस गं. मी तुला कधी विचारतो का, कुणाबरोबर असतेस?”

मी बाहेर आले. डबी उचलली, मागच्या भोकात टाचणी घातली आणि दहा सेकंद दाबून धरली. दिवा विझला. सगळी सेटिंग्ज पुसली. वायर काढली, डबी कपाटात टाकली, कपाटाला कुलूप लावलं. लोक हसतील, पण मी लावलं. मग मेट्रनबाईंना फोन केला आणि सांगितलं, बाबा येणार नाहीत. खोली दुसऱ्या कुणाला द्या. कामं कमी करीन, घरी बसेन, काय वाटेल ते करीन, पण बाबा माझ्याजवळच राहतील. हे बोलताना मला रडू फुटलं. इतकी खात्री मला कशाचीच कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, मला त्यांच्याशिवाय कोण आहे? मेट्रनबाई समजूतदार. म्हणाल्या, “बघा, शनिवारपर्यंत धरून ठेवते मी.”

मी डोळे पुसून बाबांच्या खोलीत गेले. म्हटलं, आता सांगावं, जायचं नाही कुठे, खूश व्हा.

बाबा दाराकडे बघत होते. चेहरा पडलेला.

“काय केलंस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. डबी बंद केली.”

“त्यांनी तुझं काय बिघडवलं होतं?”

त्या दिवशी ते जेवले नाहीत. शुक्रवारी मी काम सोडून घरी थांबले. त्यांच्या आवडीची गाणी लावली, त्यांनी बंद करायला सांगितली. पत्ते मांडले, त्यांनी हात लावला नाही. मी दिवसभर त्यांच्याभोवती घुटमळत होते आणि ते माझ्यातून पलीकडे बघत होते. मी इतकी जवळ असून घर कधी एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

७

शनिवारी सकाळी उठले तर बाबा कपडे करून बसलेले. पायाशी बॅग. त्यांची त्यांनीच भरलेली, चेन अर्धवट लागलेली.

“बाबा, मी नाही म्हणून कळवलंय. तुम्हाला कुठे जायचं नाही.”

“तू नाही म्हटलंस. मी काल तू आंघोळीला गेलीस तेव्हा फोन करून हो म्हटलंय.”

“तुम्हाला तिथे जायचं नव्हतं! तीन दिवस बोलला नाहीत माझ्याशी!”

“तेव्हा मला वाटलं होतं, तिथे मी एकटा असणार.” मग हळूच, मला दुखवू नये म्हणून, “इथे होतो तसा.”

मी भांडले. अक्षरशः भांडले, हातवारे करून, लहानपणी भांडायची तशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टॅक्सी मागव म्हणाले. एका मोठ्या माणसाला कोंडून कसं ठेवणार? दादाला फोन लावला तर तो म्हणाला, “अगं, चांगलंच झालं की! स्वतःहून तयार झाले.” मी फोन कट केला.

टॅक्सीत बाबा मागे बसले, दाराला चिकटून. मी मागचं दुसरं दार उघडलं. “पुढे बस,” ते म्हणाले. मी पुढे बसले.

८

नवी इमारत आता माणसांनी भरली होती. पॅसेजमध्ये काठ्या, चाकाच्या खुर्च्या, मुलंसुना, निरोप घेणाऱ्यांचे तेच ते आवाज. सातव्या खोलीत गादीवर चादर घातली होती. बाबांनी टॅबलेट उशाशी ठेवला आणि तो आपोआप जोडला गेला. मी लॅपटॉप आणला नव्हता. आणला असता तरी उघडला नसता.

“मी जरा थांबते,” मी म्हटलं.

“थांब की,” बाबा म्हणाले. “पण आधी तो अर्ज भरून ये, त्या बाईंनी मागितलाय.”

ऑफिसात चार पानांचा अर्ज होता. जवळची व्यक्ती, नातं, फोन नंबर. मी तिन्ही ठिकाणी स्वतःला लिहिलं आणि परत निघाले. जेवणाची वेळ झाली होती. माझ्या पुढे मेट्रनबाई दोन्ही हातांत ताटं घेऊन चालल्या होत्या. त्यांनी सातव्या खोलीचं दार कोपरानं ढकललं. ते पूर्ण उघडलं आणि लगेच अर्धं मिटलं. तेवढ्यात मला दिसलं.

बाबा पलंगावर बसले होते, खिडकीकडे तोंड करून. खांद्यावर त्यांची जुनी शाल. तिचं एक टोक त्यांच्या खांद्यावर होतं. दुसरं टोक त्यांनी शेजारी दिलं होतं. ते पलंगावर पडलेलं नव्हतं. बाबांच्या खांद्याहून बरंच उंच होतं आणि श्वासागणिक वरखाली होत होतं.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा शाल पलंगावर होती. मेट्रनबाईंना काहीच दिसलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळून हसल्या, डोळे मिटून.

“बाबांनी फोनवरच दोन ताटं सांगितली होती. दुसरं तुमचंच ना?”

“हो,” मी घाईनं म्हटलं. “माझंच आहे. मी जेवणार आहे त्यांच्याबरोबर.” आणि हात पुढे केला. ती जागा मला हवी होती. तिथे काहीही बसलेलं असो, ती जागा माझी होती.

“नाही गं,” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. माझी पाठ थोपटताना यायचा तो आवाज होता. “तू घरी जाऊन जेव.”

मेट्रनबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग दुसरं ताट पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला ठेवलं. मी पर्स उचलली, आणि बाबांनी मागून सांगितलं, जाताना दार ओढून घे.